तिवारी सरांची नक्कल

भोपाळ
१४ जुलै

प्रिय क्षमा,

तुला हसू येईल, पण हे खरंच पोस्टाचं पत्र आहे. कयाकिंगच्या होस्टेलवर आल्या आल्या सगळ्यांचे फोन जमा करून घेतले. रविवारी वॉर्डन मॅडमच्या फोनवरून थोडा वेळ घरी बोलायला मिळतं, तेही आईवडिलांशीच. मैत्रिणींसाठी पोस्ट.

उत्तर मराठीतच लिही. इथे पत्र आलं की ज्याचं आहे त्याच्या आधी खोलीतल्या बाकीच्या मुली फोडतात. अक्षरं त्यांना वाचता येतात, पण आईचं पत्र चार ओळींवर सोडून दिलं. एक म्हणाली, "ये कौन सी हिंदी है?" तेवढीच माझी एक गोष्ट इथे माझी राहिली.

पहाटे तलावावर जातो. कयाक, म्हणजे आमची होडी, इतकी अरुंद असते की श्वास चुकला तरी कलंडते. मी पहिल्या दिवशी तीनदा पाण्यात पडले. बाकी सगळ्या इथे आधीपासूनच्या आहेत, एकमेकींची अर्धी वाक्यं पूर्ण करतात. पोहायला कुठे शिकलीस विचारलं, तर मी सांगितलं, तिलवाऱ्याच्या घाटावर, नर्मदेत, बाबांच्या मागे मागे. तर एक म्हणाली, "नदी में तो भैंस भी तैर लेती है." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

तू कशी आहेस? आपलं बाक कोणाला मिळालं? या वर्षी बाबा तुमच्या वर्गाला गणित घेतात ना? ते कसे शिकवतात ते मला लिही. घरातले बाबा मला माहीत आहेत, वर्गातले नाहीत.

तुझी,
अवंतिका

*

जबलपूर
२७ जुलै

प्रिय अवंतिका,

पोस्टमन आला तर पप्पा म्हणाले, कोणावर केस झाली काय आपल्या घरात? मग तुझं अक्षर पाहून मला दिलं.

तुला खरं सांगते. तू गेल्यावर शाळेत मी कोणाशी बोललीच नाही. म्हणजे हजेरीला 'प्रेझेंट मॅम' म्हणायची, तेवढंच. आपल्या बाकावर एक पोरगी बसते, ती दिवसभर कोचिंगचे पेपर सोडवते. डबा मी पाण्याच्या टाकीपाशी उभ्यानं खायची, म्हणजे कोणाला वाटू नये की हिला बसायला कोणी नाही.

आणि मग काय झालं ऐक. समृद्धी माहीत आहे ना, जिच्यासोबत फोटो काढायला आठवीच्या पोरी थांबतात? फ्री पिरियडला तिच्या ग्रुपचं चाललं होतं, कमानिया गेटला लेहंगा घ्यायला जायचं, पण तिथले दुकानदार फार चिकटतात. माझ्याच्यानं राहवलं नाही. पप्पांच्या दुकानात आपले नथ्थूकाका आहेत ना, साडी फेकतात तेव्हा एक हात आकाशात असतो? मी उठली आणि ओढणी फेकली. "दीदी, ये कलर सुबह से किसी को दिखाया नहीं, आपका ही रास्ता देख रहा था!" मग मी मान वाकडी करून, डोळे मिटून भाव सांगितला, जसा ते सांगतात, जणू स्वतःचीच किडनी विकून राहिले.

अख्खा वर्ग लोळला. समृद्धी म्हणाली, "अरे, तू कहाँ थी अब तक?"

मी तिथेच होती गं. तिसऱ्या बाकावर.

आता मी तिच्या बाजूला बसते. योगेश म्हणून एक आहे, तो सगळ्यांचे व्हिडिओ काढतो. जिन्यातून जाताना दुसऱ्या सेक्शनची पोरं 'क्षमा, हाय' करतात. मला त्यांची नावंही माहीत नाहीत. तुझ्या बाबांचं शिकवणं मस्त. आपले काकाच ते. शाळेत त्यांना सर म्हणायचं मला जमत नाही, जीभ अडखळते.

तू रडू नको. त्या म्हशीवालीचं नाव कळव, मी इथून शाप देते.

तुझी,
क्षमा

*

भोपाळ
११ ऑगस्ट

प्रिय क्षमा,

एक गंमत झाली. तुझं पत्र वाचताना मी एकटीच हसत होते, तर मुली मागे लागल्या. मी हिंदीत करून सांगितलं. मग उभी राहून नथ्थूकाकांची साडीही फेकली, म्हणजे टॉवेल. ती म्हशीवाली, तिचं नाव पूजा, ती तर पलंगावरून खाली आली हसून हसून. त्या दिवशी मेसमध्ये पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी जागा धरून ठेवली.

आता रोज विचारतात, "तेरी फ्रेंड की चिट्ठी आई क्या?"

खरं सांगू, तुझं पत्र वाचून मी थोडी जळलेही. आपण दोघी होतो तेव्हा तू या नकला फक्त माझ्यासमोर करायचीस. पण ते जाऊ दे. तू मला अजून लिही. आणि नीट लिही, नुसतं काय बोलले ते नको. कसे उभे राहतात, हात कुठे असतो, मान कशी, सगळं. म्हणजे मला करता येईल.

तुझी,
अवंतिका

*

जबलपूर
२ सप्टेंबर

प्रिय अवंतिका,

तू मागितलं म्हणून पाठवून राहिली. पण आधी एक ऐक. हे सोपं नाही गं. समृद्धी रोज सकाळी विचारते, "आज नया क्या है?" प्रिन्सिपल झाले, बस कंडक्टर झाला, कँटीनचे भाऊराव झाले. तीच नक्कल दुसऱ्यांदा केली की ती मोबाइलमध्ये डोकं घालते. एक दिवस माझ्याकडे काहीच नव्हतं, तर ते सगळे मला सोडून कँटीनला निघून गेले. मुद्दाम नाही, सहजच गेले. मी मागून धावत गेली. आता मी रस्त्यानं जाते तर माणसं नुसती माणसं दिसतच नाहीत. याचं काय घेता येईल, त्याचं काय घेता येईल, तेच चालू असतं डोक्यात. घरी आईच्या खोकल्याचीही मी नक्कल करून पाहिली.

तर, नवीन आहेत तिवारी सर. केमिस्ट्रीचे. यंदाच आले. हे आतापर्यंतचं माझं सगळ्यात हिट.

डावा हात कोपरात वाकवायचा, मूठ पोटाजवळ. जणू त्या हातात जड पिशवी आहे आणि ती जपून न्यायची आहे. उजवा हात हलतो, डावा अजिबात नाही. पावलं लहान, बूट जरासे घासत. फळ्यावर लिहायला घेतात तेव्हा पहिलं अक्षर एवढं मोठं, आणि ओळ संपेपर्यंत मुंग्यांची रांग. शेवटचं उत्तर कोणालाच दिसत नाही. आवाजही तसाच, वाक्य सुरू होतं जोरात आणि शेवटी कुठे गेलं कळत नाही.

आम्ही त्यांना 'थैला सर' म्हणतो. नाव समृद्धीनं ठेवलं. योगेशनं व्हिडिओ काढला, तो बारावीपर्यंत गेला.

काका मजेत आहेत.

तुझी,
क्षमा

*

भोपाळ
१७ सप्टेंबर

प्रिय क्षमा,

थैला सर इथेही हिट! शेजारच्या खोलीतल्या मुली दारात गर्दी करून बघतात. मी त्यांना फळाही लावला, म्हणजे कपाटाचं दार. पूजा आता मला 'जबलपूर' म्हणते, आणि ते चांगल्या अर्थाने. काल कोचनी जोड्या पाडल्या तर तिने स्वतःहून माझं नाव घेतलं.

अजून पाठव. वळतात कसे? चेहरा कसा असतो?

घरचं म्हणशील तर रविवारी बाबांशी बोलले. इतकं हळू बोलत होते की मी आईला म्हटलं, फोन लांब धरलाय का त्यांनी? नेटवर्क असेल. त्यांचा खांदा वर्षभर जाम आहे, आई शेक देते, तरी काही फरक नाही. तू त्यांना वर्गात बघतेस, फार दुखतो का गं? मला विचारलं की 'एकदम ठीक' एवढंच म्हणतात.

तुझी,
अवंतिका

*

जबलपूर
२९ सप्टेंबर

अवंतिका,

घाईत लिहून राहिली. वळताना ते मान वळवत नाहीत, अख्खे वळतात, कपाट सरकवल्यासारखे, लहान लहान पावलांनी. चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा. हसले तरी कळत नाही.

पण आता हे सर बस झाले. मी दुसरं काहीतरी शोधते. कारण आता मला करावंच लागत नाही, सगळा कॉरिडॉर डावा हात पोटाशी धरून चालतो, नववीची पोरंही. सर समोरून आले की सगळे एकदम सरळ होतात आणि मग फिस्सकन हसतात. परवा ते थांबले, स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं, खोचला आणि पुढे गेले. मला कसंतरीच झालं. समृद्धीनं मला कोपरानं ढोसलं, म्हणून मीही हसली.

काकांच्या खांद्याचं मला काही कळत नाही. दुखत असेल थोडा.

क्षमा

*

भोपाळ
१४ ऑक्टोबर

क्षमा,

काल दुपारी खोलीत खूप मुली जमल्या होत्या. 'थैला सर, थैला सर' सुरू झालं. मी उठले. डावा हात वाकवला, मूठ पोटाशी घेतली, पाय घासत चार पावलं चालले, आणि तू लिहिलंस तशी कपाटासारखी वळले. सगळ्या हसत होत्या. मी तिथेच थांबले.

जूनमध्ये बाबा मला सोडायला आले होते. भोपाळ स्टेशनवर ते पुढे चालत होते, मी मागे. माझी सूटकेस त्यांच्या उजव्या हातात होती. मी म्हटलं, "बाबा, डाव्या हातातली पिशवी तरी माझ्याकडे द्या." ते थांबले, हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुठली पिशवी?" त्यांच्या हातात काही नव्हतंच. आम्ही दोघंही हसलो. मला वाटलं, प्रवासाने माझे डोळे थकलेत.

मी खाली गेले. रविवार होता. आईला फोनवर विचारलं, शाळेत तिवारी सर आहेत का? आई म्हणाली, "कोण तिवारी? केमिस्ट्रीला शैलजा मॅडम आहेत की."

मी माझ्या बाबांची नक्कल करत होते, क्षमा. महिनाभर. टाळ्या घेत होते. ती तू मला शिकवलीस, आणि नाव बदलून शिकवलीस, म्हणजे तुला माहीत होतं.

तुला काय म्हणायचं ते मी नंतर ठरवीन. आत्ता तेवढा वेळ नाही. मला रडू आवरत नव्हतं म्हणून वॉर्डन मॅडमना सगळं सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांना असंच होतं. हात, अक्षर, आवाज, सगळं हेच. त्या म्हणाल्या, हाडांच्या डॉक्टरला नाही, न्यूरोच्या डॉक्टरला दाखवा. मी परत आईला फोन करून सांगितलं. पण आई म्हणते, मागे हाडांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा बाबा तिथे छाती काढून चालले, परेडला आल्यासारखे. डॉक्टरांसमोर ते नेहमी तसंच करतात. आणि आईला ते रोज दिसतात, म्हणून तिला आता काही वेगळं दिसतच नाही.

तुला दिसतं. कॅम्प सुरू आहे, दिवाळीलाही सुटी नाही. तू त्यांच्यासोबत जा. डॉक्टरांसमोर उभी राहा आणि करून दाखव. सगळं. बाबांसमोर.

अवंतिका

*

जबलपूर
१९ ऑक्टोबर

अवंतिका,

पत्र मिळालं. संध्याकाळी काकूंकडे जाऊन आली. त्यांना फक्त एवढं म्हटलं की अवंतिकानं मला सोबत जायला सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. मी जाते.

माफीचं काही लिहीत नाही. लिहायला घेतलं होतं, फाडलं.

क्षमा

*

जबलपूर
२६ ऑक्टोबर

अवंतिका,

काल गेलो. जसं झालं तसं लिहिते.

ऑटोत काका म्हणाले, "क्षमा कशाला? तिचा अभ्यास बुडतो." काकू म्हणाल्या, "अवंतिकानं सांगितलंय."

डॉक्टर एक बाई आहेत, वयस्कर, शांत. त्यांनी काकांना चालायला सांगितलं आणि अवंतिका, काका एकदम सरळ झाले. दोन्ही हात हलवत, दणादण. आवाजही मोठा. "बस कंधा है, डॉक्टर साहब, बाकी एकदम फिट." मॅडम म्हणाल्या, "चाल तो ठीक लग रही है." काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

शाळेत मी अख्ख्या वर्गासमोर करते तेव्हा मला काही होत नाही. तिथे उठायच्या आधी मी ओढणी दोनदा नीट केली. मी म्हटलं, "मॅडम, ये क्लास में ऐसे नहीं चलते. मैं दिखाती हूँ."

मी दारापासून खिडकीपर्यंत चालली. हात पोटाशी, बूट घासत. खिडकीशी अख्खी वळली. परत आली. एकही माणूस हसला नाही. मला त्या चालीला कोणीतरी हसण्याची इतकी सवय झाली होती की मधेच वाटलं, माझं काही चुकलं काय. पण काही चुकत नव्हतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "फिर से मुड़ो." मी वळली. "लिखते कैसे हैं?" मी त्यांच्या कागदावर एक समीकरण लिहिलं, मोठ्यापासून मुंगीपर्यंत. मग त्यांनी तोच कागद काकांपुढे केला. काकांनी त्याखाली लिहिलं. दोन्ही ओळी सारख्याच दिसत होत्या.

नंतर मॅडमनी त्यांना पुन्हा चालायला सांगितलं, पण चालताना शंभरातून सात-सात वजा करत मोठ्यानं बोलायचं. काकांना ते काय अवघड? त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, एकही चुकला नाही. पण लक्ष आकड्यांत गेलं आणि हात हळूच वर आला, पोटाशी येऊन थांबला. काकूंनी तोंडावर पदर धरला.

काका खुर्चीत बसले. माझ्याकडे पाहून विचारलं, "मी असा चालतो?"

मी म्हटलं, "हो काका."

"पोरं हसतात, ते याला?"

"हो."

त्यांनी डावा हात उजव्यानं सरळ करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मला वाटायचं, शर्ट बाहेर आलाय."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

पार्किन्सनची सुरुवात आहे, असं मॅडम म्हणाल्या. बरा होत नाही, पण गोळ्यांनी पुष्कळ वर्षं नीट काम करता येतं, आणि लवकर आलात हे चांगलं केलं, असंही म्हणाल्या. एक-दोन तपासण्या सांगितल्या आहेत. गोळ्या काकूंनी कालच घेतल्या.

घराशी उतरताना काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "शाळेत कोणाला सांगू नकोस. मला अजून शिकवायचं आहे."

तू विचारलं नाहीस, पण सांगते. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे काका आहेत. मी मनाशी म्हणायची, घरी काका आणि शाळेत सर, ही दोन वेगळी माणसं आहेत, मी फक्त सरांची करून राहिली. समृद्धी 'नया क्या' म्हणायची तेव्हा हे खरंही वाटायचं.

क्षमा

*

जबलपूर
१२ डिसेंबर

अवंतिका,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही असं धरूनच लिहून राहिली, कारण हे तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

वार्षिकोत्सवात समृद्धीनं 'थैला सर' ठेवलं होतं. मोठ्या स्टेजवर, पालकांसमोर. मी म्हटलं, मी करणार नाही. "क्यों?" तर मला सांगता येईना, काकांना शब्द दिला होता. मी नुसतं 'अच्छा नहीं लगता' म्हणत राहिली. ती म्हणाली, "तूने ही सिखाया सबको. अब तू अच्छी और हम बुरे?" अवंतिका, ती खोटं बोलत नव्हती. मग ठरलं, योगेश करणार. त्याला तर माझ्यापेक्षा चांगलं जमतं आता.

काका कार्यक्रमाला येणारच होते, दरवर्षी ते माइक सांभाळतात. मी दोन दिवस काही खाल्लं नाही. मग शैलजा मॅडमकडे गेली आणि सांगितलं, ही नक्कल काकांची, म्हणजे मोघे सरांची आहे, मी बनवली, व्हिडिओतही मीच आहे. त्यांनी व्हिडिओ पाहिला. अर्ध्यावर बंद केला. माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

कार्यक्रमातून तो भाग काढला. सगळ्यांचे फोन तपासले, आमच्या पाच जणांच्या घरी बोलावणं गेलं. पप्पा भर गर्दीच्या वेळी दुकान सोडून आले. ऑफिसात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "मोघे साहेबांची? काहून बाई?"

समृद्धीनं सगळ्यांसमोर सांगितलं, हिच्याशी बोलू नका, तुमचंही नाव जाऊन सांगेल. ग्रुपमधून काढलं. जिन्यात 'हाय' म्हणणारी पोरं आता भिंतीकडे पाहतात. डबा एकटीच खाते.

शाबासकीसाठी लिहून नाही राहिली. एक दिवस वाटतं, बरं केलं. दुसऱ्या दिवशी वाटतं, समृद्धीसमोर हात जोडावे, म्हणावं, घे मला परत, सांगशील त्याची नक्कल करते. कालही तिच्या बाकापर्यंत गेली होती. ती दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होती. परत आली.

क्षमा

*

भोपाळ
१८ डिसेंबर

क्षमा,

तुझी शेवटची दोन्ही पत्रं माझ्या उशीखाली होती. पहिल्याचं उत्तर पाचदा लिहिलं. प्रत्येक वेळी एवढं वाईट लिहिलं की पाठवलं नाही, आणि चांगलं लिहायला मन होत नव्हतं.

इथे मुली परत मागे लागल्या होत्या. मी सांगितलं, "वो मेरे पापा हैं." मग पूजाने विचारलं, "तो तूने की क्यों?" मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. पण रात्रंदिवस तोच प्रश्न डोक्यात आहे. तिवारी सर खरंच असते, तर मी थांबले असते का? नसते थांबले. त्यांना घरी एक मुलगी असती, हे माझ्या मनातही आलं नसतं. मेसमधली ती जागा मला हवी होती.

म्हणून तुझ्यावर रागावते तेव्हा मधेच अडकते. राग गेलेला नाही, हे मात्र तुला सांगून ठेवते. तू आमच्या घरी जेवायचीस. बाबा तुला सायकलवर पुढे बसवून आणायचे आणि मी मागे बसायचे.

आता कामाचं. बाबा फोनवर 'एकदम ठीक' म्हणतात. आई रडायला लागते आणि नेटवर्क गेलं म्हणते. तिथे मला खरं सांगणारं कोणी नाही. तू लिही. जे दिसतं ते, जसं दिसतं तसं. मला बरं वाटावं म्हणून एकही ओळ लिहू नकोस.

२८ ला सकाळच्या गाडीने येते आहे, आठवडाभरासाठी.

अवंतिका

*

जबलपूर
२१ डिसेंबर

अवंतिका,

जे दिसतं ते लिहिते.

फळ्यावर ओळ अजूनही लहान होत जाते. फरक एवढाच की आता त्यांना ते कळतं. मधेच थांबतात, खडू उचलतात, पुन्हा मोठं लिहितात. सकाळी बरे असतात, जेवणाच्या सुटीनंतर आवाज बसतो. मंगळवारी मागून एक पोरगा ओरडला, "सर, ज़ोर से!" सर त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग तेच वाक्य तसंच हळू बोलले. डावा हात सकाळच्या प्रार्थनेला जाताना थोडा हलतो. उजव्यासारखा नाही. मी नीट पाहिलं, म्हणून लिहिते. वळणं पहिल्यासारखंच आहे. जिन्यात कठडा धरतात, आधी धरत नव्हते. पोरांचं तसं नक्कल करत चालणं जवळजवळ बंद झालं. जवळजवळ.

डॉक्टरकडे गेलो त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. काल तासाला खूप लांब गणित होतं. अर्ध्यावर त्यांनी खडू ठेवला आणि माझं नाव घेतलं. मी घाबरून उभी राहिली. म्हणाले, "इधर आओ. मैं बोलता हूँ, तुम लिखो. बड़ा लिखना, पीछे तक दिखना चाहिए."

सगळा वर्ग पाहत होता, समृद्धीसुद्धा. कोणीतरी मागून 'मॅडम' म्हणालं आणि दोन-तीन जण हसले. सर बाजूला उभं राहून सांगत गेले, मी लिहीत गेली. मोठं मोठं. फळा पुरला नाही तर खाली वाकून लिहिलं. बेल झाली तेव्हा हात खांद्यापर्यंत दुखून राहिला होता. ते 'शाबास' वगैरे काही बोलले नाहीत. म्हणाले, "कल भी आ जाना."

आजही गेली.

२८ ला मी स्टेशनवर येणार नाही. काका-काकू येतील, तू आधी त्यांना भेट, आधी त्यांना नीट पाहून घे. मग वाटलं तर हाक मार. नाही वाटलं तरी चालेल. मी घरीच आहे.

क्षमा